दगडी वजनं, लाकडी दांडी आणि मापातलं पाप

रिकामी पारडी समोरासमोर आली म्हणजे तराजू खरा, असं धरून चालू नका. हा संच घेण्याआधी एवढं कुणी सांगितलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. खरं तर मला कुणी सांगायची गरजच नव्हती. माझी सगळी नोकरी वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. तरी फसलो, आणि फसलोय हे दाखवून दिलं ते नऊ वर्षांच्या एका मुलीने. ते पुढे येईलच.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. बायबलच्या काळातला तराजू आणि वजनं यांची ही नक्कल आहे, मुलांना शिकवायला म्हणून विकतात. खोक्यात निघतं ते असं: फूटभर उंचीचा लाकडी खांब, त्याला टांगायची दांडी, साखळ्या लावलेली दोन पितळी पारडी, चुनखडीचे नऊ दगड, चामड्याची एक पिशवी आणि चोवीस पानांची पुस्तिका. मी दर रविवारी मुलांचा वर्ग घेतो. अकरा मुलं आहेत, सात ते तेरा वयाची. सहा रविवार देवघेवीतला खरेपणा हा विषय घ्यायचा होता. नुसती वचनं पाठ करून घेतली की मुलं ती बक्षिसापुरती ठेवतात, पुढच्या महिन्यात पाटी कोरी. हातात काहीतरी जड द्यावं म्हणून हा संच मागवला.

दगडांबद्दल आधी लिहितो, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. तळ सपाट, माथा घुमटासारखा, हातात घेतला की थंडगार. यहूदाच्या राज्यात इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात व्यापारी वापरत ती वजनं अशीच होती, आणि उत्खननांत ती भरपूर सापडली आहेत. एक शेकेल म्हणजे साधारण ११.३ ग्रॅम. संचात ८, ४, २ शेकेलचा एकेक दगड आणि १ शेकेलचे दोन आहेत. माथ्यावर दोरीचा फास टाकल्यासारखी शेकेलची खूण आणि शेजारी आकडा. आता गंमत बघा. ८ शेकेलच्या दगडावर जो आकडा कोरलाय तो मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, लिपीतला दहाचा आहे, आणि ४ वर पाचाचा. पहिल्याच दिवशी एका मुलाने पुस्तिकेतला तक्ता लावून पाहिला आणि ओरडला, ‘‘काका, आठाला दहा लिहिलंय, चोरी!’’ चोरी नाही. अस्सल दगडांवरही तसंच आहे. अभ्यासकांनी त्याचा उलगडा असा केला आहे की मिसर देशाचं दहा केदेतचं वजन आणि यहूदाचे आठ शेकेल हे जवळजवळ सारखेच भरतात, दोन्ही नव्वद-एक्याण्णव ग्रॅमच्या आसपास. परदेशी व्यापाऱ्याला स्वतःच्या हिशेबाने वाचता यावं अशी ती सोय. बनवणाऱ्याने हा बारकावा जसाच्या तसा ठेवलाय, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

दुसरा आवडलेला दगड पिमचा. १ शमुवेल १३:२१ मध्ये पलिष्ट्यांकडून नांगराचे फाळ पाजवून घेण्याचा प्रसंग आहे, तिथे हा शब्द एकदाच येतो. बायबलमध्ये दुसरीकडे कुठेच नाही. त्यामुळे शेकडो वर्षं भाषांतरकारांना त्याचा अर्थच लागत नव्हता. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे चक्क कानस आली. मग जमिनीतून पिम अशी अक्षरं कोरलेले छोटे दगड निघायला लागले, पावणेआठ ग्रॅमच्या आसपासचे, म्हणजे शेकेलच्या दोन-तृतीयांश. तेव्हा कळलं की ती कानस नव्हती, पाजवण्याचा दर होता. शत्रूकडेच धार लावून घ्यायची आणि वर तो मागेल तो दर द्यायचा. मुलांना हे फार लागलं. अर्ध्या शेकेलचा बेकाही संचात आहे. २०१८ साली जेरुसलेममध्ये उत्खननातली माती चाळताना एक खरा बेका हाती लागला, त्यावरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी आहेत. संचातल्या बेकावर ती सुलटी आहेत. एवढं काही मनावर घ्यायचं कारण नाही.

इब्री भाषेत दगडाला ‘एवेन’ म्हणतात आणि तोलायच्या वजनालाही ‘एवेन’च. लेवीय १९:३६ मध्ये आपण खरी वजने असं वाचतो, तिथे मुळात न्यायाचे दगड आहेत. हे मला माहीत होतं, पण दगड मुठीत धरून तो अध्याय वाचला तेव्हा वेगळं वाटलं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा त्याच अध्यायाच्या १८ व्या वचनात आहे. अठरा वचनं पुढे गेलं की तराजू, वजन, एफा हे धान्याचं माप आणि हिन हे पातळ पदार्थांचं. म्हणजे प्रीती कुठे करायची त्याचा पत्ताही लगेच दिलाय.

आता खोटी जोडी. संचाची सगळ्यात हुशार कल्पना ही. चामड्याच्या पिशवीत दोन दगड वेगळे येतात. दोन्ही दिसायला एकसारखे, दोन्हींवर २ शेकेलची खूण, पण एक जड आणि एक हलका. हलक्याला खालून पोखरून आत बूच भरलंय, जड असलेल्यात शिसं ओतलंय. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, २५:१३ मध्ये, लहान-मोठी वजनं येतात ती हीच. तिथले इब्री शब्द ‘दगड आणि दगड, मोठा आणि लहान’ असे आहेत.

इथे मी स्वतः एक गोष्ट नव्याने शिकलो. वर्षानुवर्षं मी शिकवत आलो की खोट्या वजनाने माल कमी देतात. पण त्या काळी नाणी नव्हती. धान्य मापायचं एफाने, आणि गिऱ्हाईक मोबदला द्यायचं ती चांदी तोलायची शेकेलच्या दगडाने. म्हणजे दगड गिऱ्हाइकाच्या चांदीसमोर बसतो. जड दगड ठेवला की गिऱ्हाइकाकडून चांदी जास्त येते, हलका ठेवला की आपल्याकडून कमी जाते. आमोस ८:५ मधलं ‘एफा लहान आणि शेकेल मोठा’ हे तेव्हा कुठे डोक्यात बसलं. धान्य देताना माप लहान, चांदी घेताना दगड मोठा, एकाच सौद्यात दोन्हीकडून काटा मारणं. वर त्यांना अमावास्येचा सण आणि शब्बाथ, म्हणजे व्यापार बंद असायचे ते दिवस, कधी एकदा संपतात असं झालेलं, आणि गव्हाबरोबर भुसकटही विकायचं. आमोस हा संदेष्टा, मूळचा तकोवाचा मेंढपाळ. यराबाम दुसरा याच्या काळात, इस्राएलाच्या राज्यात भरभराट असताना तो हे बोलतोय. मुलांना दुकान मांडायला लावलं, पत्र्याचे तुकडे चांदी म्हणून दिले, एकाला व्यापारी केलं आणि पिशवी त्याच्या कमरेला बांधली. कुठला दगड कधी काढायचा हे त्याला तीन मिनिटांत जमलं. मला जरा धक्काच बसला.

याच खेळात तेरा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, ‘‘काका, वापरू नका असं नाही लिहिलंय, ठेवू नका असं लिहिलंय.’’ मी पुन्हा वाचलं. बरोबर. पिशवीत ठेवू नका, घरात ठेवू नका. नियमशास्त्र माणूस फसवताना पकडला जाईपर्यंत थांबत नाही, आधीच पिशवी उघडायला लावतं. माझ्या धंद्यात आम्हीही तेच करायचो. तपासणीला गेलं की गल्ल्यावरचा काटा नंतर, आधी गल्ल्याखालचं फडताळ.

आता तक्रार.

दुसऱ्या रविवारी आम्ही डाव्या पारड्यात ८ चा दगड ठेवला आणि उजव्यात ४, २ आणि दोन १. आठास आठ. दांडी सरळ राहायला हवी होती. डावं पारडं खाली गेलं. फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकं. मी मुलांसमोर तज्ज्ञासारखा म्हणालो, ‘‘छोटे दगड हलके भरलेत, बघा, बनवणाऱ्याने काटा मारलाय.’’ मुलं खूश. रिकामा तराजू मी आधीच पाहून ठेवला होता, दांडी पाणसळीने तपासावी इतकी सरळ होती, त्यामुळे संशय दगडांवरच. त्याच रात्री विक्रेत्याला तक्रार लिहिली. लहान वजनं कमी आहेत. आणि त्यात भर घातली, ४ च्या दगडाचा टवका उडालेला आहे.

टवका उडाला होता हे खरं. तो आमच्या फरशीवर उडाला होता, पहिल्या रविवारी, सात वर्षांच्या हातून निसटून. ते मी लिहिलं नाही. खोटं लिहिलं नाही, नुसतं लिहिलं नाही.

तिसऱ्या रविवारी त्या नऊ वर्षांच्या मुलीने कुणाला न विचारता दगडांची अदलाबदल केली. चार दगड डावीकडे, ८ चा उजवीकडे. आता चार दगड खाली. ती म्हणाली, ‘‘काका, हे हलके नाहीत. डावीकडचं काहीही खाली जातं.’’

अदलाबदल. तराजू तपासायची पहिली पायरी, शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ती. मी घरी जाऊन दांडी मोजली. दोन कड्यांमधलं अंतर २४ सेंटिमीटर, मधलं भोक एक मिलिमीटर सरकलेलं. डावा हात १२.१, उजवा ११.९. एवढ्याने नव्वद ग्रॅमला दीड ग्रॅमचा फरक पडतो. मग रिकामा असताना तो सरळ कसा राहत होता? उजवं पारडं उलटं केलं तर खाली मेणाचा गोळा, हरभऱ्याहून लहान, पितळेच्याच रंगाचा. पासंग! पासंग हे खरं तर सचोटीच्या माणसाचं साधन आहे, पारड्यांतला जन्मजात फरक भरून काढायला बांधतात, आणि एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही असं आपण म्हणतो ते त्यावरूनच. इथे त्या पासंगाने दोष झाकला होता. मुद्दाम फसवलं असेल असं मला वाटत नाही. भोक चुकलं, दुसरी दांडी करायचा कंटाळा आला, मेण लावलं, खोकं बंद केलं. पण मेण लावणाऱ्याला कळलं होतं.

मग दगड वजनाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घातले. १ चे दोन: ११.३ आणि ११.४. २ चा २२.६. ८ चा ९०.५. ४ चा ४४.८, आणि टवका मी काडेपेटीत जपून ठेवला होता तो ०.४, म्हणजे मुळात ४५.२. बेरीज करून बघा, आठास आठ अगदी चोख येते. दगड बिचारे खरे होते. मी खोट्या तराजूवर तोलून त्यांना खोटं ठरवलं होतं, अकरा साक्षीदारांसमोर.

तोवर विक्रेत्याचं उत्तर आलं होतं: हा संच शिक्षण व शोभेसाठी आहे, व्यवहारात तोलण्यासाठी नाही. हे वाचून डोकं फिरलं. खरेपणा शिकवायचा तराजू शोभेपुरता खरा, असं कुठे असतं का? दोन ओळींत सणसणीत उत्तर लिहून तयार केलं. तेवढ्यात पुढच्या रविवारची तयारी म्हणून नीतिसूत्रे विसावा अध्याय उघडला. १० वं वचन वजन-मापांचं, २३ वंही तेच, मला हवं तसं. आणि मधे १४ वं. घेणारा म्हणतो, वाईट आहे, वाईट आहे, आणि माल घेऊन निघाला की फुशारकी मारतो. तराजूच्या दोन वचनांच्या मधे हे गिऱ्हाइकाचं वचन आहे. इतकी वर्षं मी तिकडे दुकानदाराला उभं करत आलो, ते वचन तर माझ्याकडे बघत होतं. टवका आठवला.

दुसरं पत्र लिहिलं. दगड बरोबर आहेत, माझी चूक, टवका आमच्याकडे उडाला. दांडी चुकीची आहे, ही मापं, हा मेणाचा फोटो. बारा दिवसांनी नवी दांडी आली, सोबत दिलगिरीची चिठ्ठी. नवी दांडी मी उलटसुलट अदलाबदल करून तपासली, चोख आहे. लेवीय ६ प्रमाणे फसवून घेतलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. तो काही आला नाही. पण हिशेब करायचा तर टवक्याचा माझ्याकडूनही निघाला असता, म्हणून गप्प बसलो.

पुस्तिकेबद्दल थोडक्यात. कागद चांगला, चित्रं बरी, मजकूर कच्चा. आमोसाचं वचन पाचव्या अध्यायाच्या नावावर छापलंय. शेकेलचं चित्र नाण्याचं काढलंय, आणि त्याच खोक्यात शेकेलचा दगड पडलाय हे चित्रकाराला कुणी सांगितलं नसावं. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाचं झाड दोन पानं व्यापून आहे, पण ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देईन हे त्याचं बोलणं तळाला बारीक अक्षरांत. उत्पत्ती २३ आहे, अब्राहाम एफ्रोन हित्तीला मकपेलाच्या शेतासाठी चारशे शेकेल रुपं तोलून देतो ते, व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने आणि चारचौघांच्या देखत. ते छान मांडलंय. मजुरीबद्दल मात्र एक अक्षर नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नको, हे लेवीय १९:१३ त्याच अध्यायात आहे, आणि याकोब ५:४ मध्ये तर अडवलेली मजुरी ओरडते. मोजून माप देणारा माणूस गड्याचा पगार लांबवत असेल तर त्याचं काय, हा धडा मला स्वतःच तयार करावा लागला. शेवटच्या पानावर लिहिलंय की खरा व्यापार करणाऱ्याला देव हमखास श्रीमंत करतो. हे पान मी वर्गात वाचलं नाही. नीतिसूत्रे १६:८ म्हणतं की अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा नीतीने मिळालेलं थोडकं बरं, आणि थोडकं म्हणजे थोडकंच.

संच कसा जपावा याच्या सूचना नाहीत. पारड्यांना मुलांच्या हातांचा चिकटा बसतो आणि चुनखडी झिजते, तेव्हा त्या हव्या होत्या. मी त्या मिश्नातून घेतल्या. इसवी सन २०० च्या सुमाराचा हा यहूदी ग्रंथ सांगतो की दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा साफ करावीत, वजनं आठवड्यातून एकदा पुसावीत, आणि तराजू प्रत्येक तोलानंतर. हे मोठ्या अक्षरांत लिहून खांबाला चिकटवलंय. पुसायच्या पाळीवरून भांडणं होतात, इतकं ते लोकप्रिय झालं.

पाचपैकी चार तारे. दगडांना पाच, खोट्या जोडीला पाच, दांडीला पहिल्या खेपेला शून्य आणि दुसऱ्या खेपेला पाच, पुस्तिकेला दोन. घेणाऱ्यांनी खोकं उघडल्यावर पारडी उलटी करून बघावीत आणि दगडांची अदलाबदल करावी, मगच बोलावं. सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती ८ चा दगड देऊ नये. फरशीवर सतरंजी घालावी.

शेवटच्या रविवारी एक प्रश्न निघाला, त्याचा निकाल अजून पुरता लागलेला नाही. घरात दोन प्रकारची वजनं ठेवू नका म्हणता, मग ही खोटी जोडी ठेवायची कुठे? कुणी म्हणालं फेकू, कुणी म्हणालं मग पुढच्या मुलांना दाखवणार काय. तेरा वर्षांच्या त्याच पोराने तोड काढली, की खोटं हे खोटं म्हणून दिसत असेल तर ते वजन उरत नाही. जुनी दांडी मी भोकाच्या जागीच मोडून टाकली. खोट्या जोडीवर मुलांनी तांबड्या रंगाने फुल्या मारल्या. ४ च्या दगडाचा टवका गोंदाने बसवलाय, वजन आता ४५.३ भरतं, गोंदाचं ०.१ जास्त. जड असलेल्या दगडावरची फुली पुसट आली आहे, येत्या रविवारी परत रंगवायची आहे.